मोटारींच्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत

ब्रिटनमध्ये सायकलवरून दहा मैल, पंचवीस मैल, पन्नास मैल अशी ठरावीक अंतरे सर्वांत कमी वेळात कोणी कापली, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे ठेवली जाते. हे विक्रम कुठल्या रस्त्यांवर झाले ते पाहिले की माणूस चकित होतो. एसेक्समधला ए१२, हल शहराजवळचा ए६३ हे मधे दुभाजक असलेले भरधाव महामार्ग आहेत आणि तिथे मोटारींना ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर वेगाची मुभा आहे. शर्यतीसाठी रस्ता बंद केलेला नसतो. मालट्रक, टँकर, सहलीला निघालेल्या मोटारी यांची नेहमीची ये-जा चालू असते आणि त्याच रस्त्याच्या डाव्या कडेने, एकेका मिनिटाच्या अंतराने सोडलेले सायकलस्वार ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने जात असतात. हे सगळे कायद्याला मान्य आहे. जगात इतरत्र जवळपास कुठेच न वाढलेला हा खेळ ब्रिटनमध्येच का वाढला, याची हकीगत विलक्षण आहे. कायद्याच्या भीतीने जन्मलेला हा खेळ पुढे देशातल्या सर्वांत वेगवान रस्त्यांवर जाऊन पोहोचला.

सुरुवात घोडागाड्यांच्या काळात होते. भरधाव गाडी हाकून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा इंग्लंडमध्ये १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टनुसार गुन्हा होता. सायकल आली तेव्हा तिला हा कायदा लागू होतो का, असा प्रश्न पडला. १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की सायकल हीसुद्धा एक गाडीच आहे आणि म्हणून बेफाम सायकल चालवणारा शिक्षेला पात्र आहे. सायकलवाल्यांना हा निकाल तेव्हा जाचक वाटला असेल. पुढे मात्र तोच त्यांच्या कामी आला. सायकल गाडी ठरली म्हणजे गाडीच्या रस्त्यावर तिचा हक्कही आपोआप ठरला. १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने हे साऱ्या देशासाठी स्पष्ट केले. रात्री दिवा लावण्यासारखी बंधने घातली, पण त्याबरोबरच गावोगावच्या प्रशासनांचे सायकलींविरुद्ध आपापले नियम करण्याचे अधिकारही काढून घेतले. आज ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर एखादा सायकलस्वार हक्काने चालतो, त्याच्या हक्काची मुळे इथपर्यंत जातात.

शर्यतीचा प्रश्न मात्र वेगळा होता. फ्रान्समध्ये १८६९ सालीच पॅरिस ते रूआँ अशी १२३ किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत झाली आणि ती जिंकली जेम्स मूर या इंग्रजाने. १८९१ ची पहिली बोर्दो-पॅरिस शर्यतही जी. पी. मिल्स या इंग्रजानेच मारली. इंग्रज स्वार परदेशच्या रस्त्यांवर जिंकत होते, पण मायदेशी त्यांना रस्त्यावर जागा नव्हती. तिथे पोलीस आणि न्यायाधीश शर्यतवाल्यांवर खार खाऊन होते. घोडे बुजत, गाड्या कलंडत, लोक तक्रारी करत. नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या सायकलवाल्यांच्याच मध्यवर्ती संस्थेला धास्ती पडली, की शर्यतींच्या पायी सरकार सगळ्याच सायकलींना रस्त्यावरून हाकलेल. म्हणून १८९० च्या सुमारास तिने आपल्या क्लबांना रस्त्यावरच्या शर्यती सोडून द्यायला सांगितले आणि ते दशक संपेपर्यंत ही बंदी पक्की केली. शर्यत लावायची तर बांधीव ट्रॅकवर लावा, असा तिचा हुकूम होता. भीतीपोटी आपणच आपल्या पायात बेडी घालून घेण्याचा हा प्रकार होता. तरी त्या काळचे वातावरण पाहता युनियनला सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही.

या पेचातून वाट काढली फ्रेडरिक टॉमस बिडलेक यांनी. ते स्वतः तीनचाकी सायकलचे नामांकित स्वार होते. १८९३ मध्ये त्यांनी लंडनच्या हर्न हिल ट्रॅकवर चोवीस तासांत तीनचाकीवर ४१० मैल, म्हणजे जवळजवळ ६६० किलोमीटर अंतर तोडले होते. २१ जुलै १८९४ रोजी नॉर्थ रोड सायकलिंग क्लबची ५० मैलांची शर्यत चालू होती आणि तीत बिडलेकही होते. वाटेत एका बाईंच्या घोडागाडीजवळून जाताना घोडा बिथरला आणि स्वार कोसळले. बाईंनी पोलिसांत तक्रार केली आणि त्या भागात शर्यतींवर गदा आली. बिडलेकनी विचार केला, की लोकांच्या डोळ्यांत सलतो तो शर्यतवाल्यांचा घोळका. तो घोळकाच नाहीसा केला तर? प्रत्येक स्वाराला एकेकट्याला ठरावीक अंतराने सोडायचे, कोणी कोणाच्या मागे लपून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही आणि शेवटी फक्त घड्याळाने निकाल लावायचा. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी त्याच क्लबने ५० मैलांची अशी पहिली शर्यत घेतली. टाइम ट्रायल हा प्रकार असा जन्मला.

त्यानंतरची गुप्तता आज एखाद्या कटासारखी वाटते. शर्यती पहाटे, रस्ते रिकामे असताना घ्यायच्या. स्वारांनी मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे, अल्पाका कापडाचे काळे जाकीट आणि काळी तंग विजार, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला शर्यत चालली आहे असा संशयही येऊ नये. स्वारांना मिळणाऱ्या कागदावर ‘खासगी आणि गोपनीय’ असा शिक्का असे. शर्यत कुठे आहे हे सायकलच्या नियतकालिकांनीही आधी छापायचे नाही. रस्त्यांना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक दिले गेले, एक अक्षर विभागाचे आणि पुढे आकडे. ही पद्धत अजून टिकून आहे. गुप्ततेची गरज कधीच संपली, तरी ब्रिटनचे टाइम ट्रायलवाले आजही ‘ई७२’ किंवा ‘व्ही७१८’ असेच बोलतात आणि ऐकणाऱ्याला लगेच कळते की पहिला एसेक्सच्या ए१२ वरचा आणि दुसरा हलजवळच्या ए६३ वरचा कोर्स.

बिडलेक यांचा शेवट चटका लावणारा आहे. घोडागाड्यांना त्रास होऊ नये म्हणून ज्यांनी हा खेळ रचला, त्यांना १९३३ मध्ये लंडनच्या उत्तरेला बार्नेट हिलच्या उतारावर सायकलवर असताना एका मोटारीने धडक दिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. ग्रेट नॉर्थ रोड या त्यांच्या आवडत्या रस्त्याच्या कडेला, बेडफर्डशायरमध्ये सँडी गावाजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक लहानशी बाग केलेली आहे. रस्त्यावरचे साम्राज्य घोड्याकडून मोटारीकडे गेले ते त्यांच्या हयातीतच.

एकत्र सुटणाऱ्या शर्यतींवरची बंदी मोडली ती दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलच्या टंचाईने रस्ते ओस पडले होते. पर्सी स्टॅलर्ड या वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्वाराने पोलिसांना विश्वासात घेऊन ७ जून १९४२ रोजी वेल्समधल्या लँगॉलनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत चाळीस स्वारांची शर्यत घेतली. काहीही अनर्थ घडला नाही. शर्यत संपली तिथे लोकांनी गर्दी केली. युनियनने मात्र स्टॅलर्डना निलंबित केले. त्यांनी वेगळी संघटना काढली आणि पुढची सतरा वर्षे ब्रिटिश सायकलिंगमध्ये भाऊबंदकी माजली. ती १९५९ मध्ये दोन्ही संघटनांच्या विलीनीकरणाने मिटली आणि १९६० मध्ये सरकारने महामार्गांवरच्या सायकल शर्यतींचे नियम केले. आज १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचे कलम ३१ सांगते की सार्वजनिक रस्त्यावर सायकलची शर्यत किंवा वेगाची चाचणी विनापरवाना घेणे हा गुन्हा आहे. नियमांनुसार घेतलेली मात्र वैध. टाइम ट्रायलवाले पोलिसांना २८ दिवस आधी कळवतात. सायकलवाल्यांना मोटारींची वेगमर्यादाही लागू नाही, कारण ती कायद्याने फक्त यांत्रिक वाहनांपुरतीच आहे. पण बेफिकीर आणि धोकादायक सायकल चालवण्याचे गुन्हे वेगळे आहेत, तेव्हा कोणी हे स्वातंत्र्य मोकाट सूट समजू नये.

आता मोटरवेकडे वळू. १९४९ च्या स्पेशल रोड्स अ‍ॅक्टने ठरावीक प्रकारच्या वाहनांसाठीच राखीव रस्ते बांधण्याची सोय केली आणि ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी प्रेस्टन बायपास खुला केला. ब्रिटनचा हा पहिला मोटरवे. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जशी सायकलला मनाई आहे तशीच तिथे आहे. परंतु देशभरचे जुने हमरस्ते रुंद होत गेले, दुभाजक आले, चौक जाऊन त्यांच्या जागी पूल आणि स्लिप रोड आले. दिसायला ते मोटरवेसारखेच झाले तरी कायद्याच्या दृष्टीने ते सर्वांसाठीचे रस्तेच राहिले. त्यामुळे एका रस्त्यावर सायकल नेणे गुन्हा आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर ती नेणे हक्काचे, अशी स्थिती आहे. फरक कळतो तो पाटीच्या रंगावरून. मोटरवेच्या पाट्या निळ्या असतात, या हमरस्त्यांच्या हिरव्या. यॉर्कशायरमध्ये ए१ चे काही टप्पे मोटरवे झाले, तेव्हा तिथे सायकलवाल्यांचा शतकापूर्वीपासूनचा हक्क संपला आणि त्यांना शेजारून जाणाऱ्या स्थानिक रस्त्यावर पाठवण्यात आले.

टाइम ट्रायलवाले या भरधाव रस्त्यांवर का गेले? कारण तिथे वेळ चांगली निघते. रस्ता सरळ, चढ-उतार मंद, डांबर गुळगुळीत आणि मधे सिग्नल नाही. पण खरे कारण हवेत आहे. सायकल ताशी चाळीसच्या पुढे गेली की स्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे तेहतीस टक्के जास्त ताकद लावावी लागते. अशा वेळी शेजारून सतत जाणाऱ्या मोटारी आणि मालट्रक आपल्याबरोबर हवेचा एक लोट पुढे ओढत असतात. समजा या लोटाने स्वाराभोवतीची हवा सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने पुढे सरकली. बारीकशी झुळूक म्हणावी इतकाच हा वेग. रस्त्याचे घर्षण बाजूला ठेवून गणित मांडले, तर ताशी ५० किलोमीटरने जाणारा स्वार तेवढ्याच ताकदीत ताशी ५२ च्या वर जातो. पंचवीस मैलांत त्याचा दोन मिनिटांहून जास्त वेळ वाचतो. ज्या खेळात विक्रम दोन-चार सेकंदांनी मोडतो, तिथे दोन मिनिटे म्हणजे सगळे काही. म्हणून स्वार अशा रस्त्यांना ‘ड्रॅग स्ट्रिप’ म्हणतात, हवा पातळ आणि उबदार असलेल्या सकाळीला ‘फ्लोट’ म्हणतात, आणि वाहतूक भरपूर असलेला रस्ता मनात धरून महिनोन्‌महिने आधी नाव नोंदवतात.

आल्फ एंगर्स हे या भरधाव रस्त्यांवरचे मोठे नाव. व्यवसायाने बेकरीवाले, सायकलच्या भागांना भोके पाडून वजन कमी करण्याचा त्यांना छंद. पंचवीस मैल पन्नास मिनिटांच्या आत जाणे अशक्य मानले जाई. ५ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी ई७२ वर ४९ मिनिटे २४ सेकंदांत ते केले. कडेला न राहता आत, वाहतुकीच्या जवळ सायकल चालवण्यावरून त्यांची टाइम ट्रायलच्या संघटनेशी सतत जुंपत असे. त्यातून कळते की मोटारींच्या हवेचा फायदा स्वारांना फार आधीपासून ठाऊक होता. २०१६ पर्यंत हाच विक्रम मार्चिन बियावोब्लोत्स्की यांनी ४२ मिनिटे ५८ सेकंदांवर आणला, म्हणजे सरासरी ताशी ५६ किलोमीटरहून अधिक. आजच्या सायकली, अंगाला चिकटणारे कपडे, वायुबोगद्यातला अभ्यास यांचा त्यात मोठा वाटा आहे. वाहतुकीचा किती, हे घड्याळ कधीच सांगत नाही आणि माझ्या मते या विक्रमांच्या यादीतली ही खरी उणीव आहे.

या खेळाची थोरवी मात्र फक्त ड्रॅग स्ट्रिपवर मोजू नये. बेरिल बर्टन यांचे उदाहरण घ्या. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्यांना अनेक महिने इस्पितळात काढावे लागले होते आणि कष्टाचे व्यायाम टाळा असे डॉक्टरांनी बजावले होते. मोठेपणी त्या यॉर्कशायरमध्ये रुबार्बच्या शेतावर राबत आणि शनिवार-रविवारी शर्यती करत. १७ सप्टेंबर १९६७ रोजी ओटली क्लबच्या बारा तासांच्या शर्यतीत पुरुष आधी सुटले, बायका त्यांच्या मागून. बेरिल एकेका पुरुषाला मागे टाकत गेल्या. सुमारे २३५ मैलांनंतर पुढे उरला फक्त माइक मॅकनमारा, जो त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करण्याच्या वाटेवर होता. त्याच्या शेजारून जाताना बेरिलनी खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याला दिली. त्याने ती घेऊन तोंडात टाकली. बारा तास संपले तेव्हा मॅकनमाराचे अंतर होते २७६.५२ मैल, पुरुषांचा नवा विक्रम, बेरिलचे २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. एका बाईने पुरुषांचा विक्रम ओलांडला आणि तो पुरुषांनी परत मिळवायला दोन वर्षे लागली. बायकांमध्ये तो २०१७ पर्यंत टिकला.

आता धोका. ताशी ११२ ने येणारी मोटार ताशी ४५ ने जाणाऱ्या स्वाराला दोनशे मीटरवरून गाठते ती साधारण पावणेअकरा सेकंदांत. ताशी २० ने कामावर निघालेल्या साध्या सायकलवाल्याला तीच मोटार आठ सेकंदांच्या आत गाठते. म्हणजे या रस्त्यावर वेगवान स्वार एका अर्थी जास्त सुरक्षित असतो. पण ही सगळी मोजणी चालक पुढे पाहतो आहे असे धरून आहे. मोबाइलकडे तीन सेकंद पाहिले की त्या वेगाला नव्वद मीटरहून जास्त रस्ता डोळ्यांआडून निघून जातो.

सर्वांत वाईट जागा स्लिप रोडची. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. मुख्य रस्त्यावरून डावीकडे बाहेर पडणारा फाटा फुटला की सायकलस्वाराला सरळच जायचे असते, पण त्याच्या मागून येणाऱ्या मोटारीला त्याच्या पुढ्यातून डावीकडे कापायचे असते. फाट्याचे तोंड लांबच लांब असते आणि तेवढा सगळा वेळ स्वार दोन प्रवाहांच्या मधे, पांढऱ्या रेघांच्या त्रिकोणाजवळ उघडा पडलेला असतो. आत येणाऱ्या स्लिप रोडवर उलटे होते. वेग घेत येणारी मोटार आरशात मुख्य रस्त्यावरच्या मोटारी शोधते, कडेची सायकल तिच्या नजरेतून सुटते. साधा सायकलवाला फाट्याच्या कडेने थोडे आत जाऊन, मागे पाहून, काटकोनात ओलांडतो. शर्यतवाला तसे करत नाही. त्याचे सेकंद जातात. शिवाय एरोबारवर कोपर टेकवून वाकलेला स्वार थकला की त्याची मान खाली जाते. मान खाली घालून कडेला उभ्या वाहनावर आदळून स्वार मेल्याच्या घटना या खेळात घडल्या आहेत. म्हणून सायकलिंग टाइम ट्रायल्स या आजच्या नियामक संस्थेने मान खाली घालून चालवणे, शर्यतीच्या मार्गावर मधेच यू-टर्न घेणे यांना मनाई केली आहे, मागे लाल दिवा सक्तीचा केला आहे, धोकादायक फाट्यांवर इशाऱ्याच्या पाट्या लावल्या जातात आणि वाहतूक ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर त्या वेळी तो कोर्स वापरता येत नाही. २९ जानेवारी २०२२ पासून बदललेल्या हायवे कोडमध्ये मोटारचालकांनाही सांगितले आहे की ताशी ३० मैलांपर्यंत सायकलपासून निदान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर त्याहून जास्त.

२०१८ च्या सुरुवातीला इंग्लंडचे मुख्य महामार्ग सांभाळणाऱ्या हायवेज इंग्लंड या सरकारी कंपनीने हलजवळच्या ए६३ च्या एका पट्ट्यावर सायकलबंदीचा प्रस्ताव मांडला. व्ही७१८ तिथलाच. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलिंग यूके या सायकलवाल्यांच्या संस्थेने या प्रस्तावाला कडाडून विरोध केला. एका रस्त्यावर ‘धोका आहे’ म्हणून सायकल हटवली, की धोका निर्माण करणाऱ्याला हात न लावता सगळेच हमरस्ते एकेक करून जातील, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा मला पटतो. ज्याच्याकडे मोटार नाही, ज्याच्या गावाला दुसरा सरळ रस्ता नाही, त्याचा हक्क १८८८ पासूनचा आहे आणि तो शर्यतवाल्यांच्या वेळेशी बांधून ठेवता कामा नये. पण शर्यतवाल्यांनी मोटारींच्या लोटासाठी मुद्दाम त्या रस्त्यावर जाणे मला चुकीचे वाटते. हक्क असणे आणि त्या हक्काच्या जोरावर आठवड्यामागून आठवडे शंभर-सव्वाशे स्वार स्लिप रोडवरून सोडणे यांत फरक आहे. कोर्स शांत रस्त्यांवर नेले, वेळा थोड्या वाढल्या, विक्रम थोडे जुने राहिले, तर खेळाचे काहीही बिघडणार नाही.

तशी सोय खेळात आधीपासून आहे. शरद ऋतूत देशभर हिल क्लाइंब होतात, तेही टाइम ट्रायलच. केंट परगण्यात कॅटफर्ड क्लबची डोंगरचढाई १८८७ पासून चालू आहे आणि ती जगातल्या सर्वांत जुन्या सायकल शर्यतींपैकी एक मानली जाते. आता ती यॉर्क्स हिल नावाच्या अरुंद, झाडीतल्या चढावर होते. अव्वल स्वार तो दोन मिनिटांच्या आत चढतात. चढावर वेग इतका कमी असतो की हवा फारशी आडवी येत नाही, आडवे येते ते वजन. म्हणून शेजारून मालट्रक जातो की नाही याने काहीच फरक पडत नाही. सुटण्याची पद्धत मात्र बिडलेकांचीच, एका वेळी एकच स्वार.